शेवटच्या बाकावरचा हात

सरांचा तास सुरू व्हायचा तो कालच्या चुकीनं. ते वर्गात यायचे, फळा स्वतःच्या हातानं पुसायचे, खडू टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "कल मैंने क्या ग़लत बताया था?" नवीन मुलं घाबरून एकमेकांकडे बघायची. जुनी मुलं वह्या चाळायला लागायची, कारण जो चूक पकडेल त्याला सर टॉवर चौकात नेऊन पोहे खायला घालत, वर दोनदा शेव आणि जिरावण मसाला. कुणाला काही सापडलं नाही, तर सर स्वतःच सांगत. "कल एक दवा का असर मैंने आठ घंटे बताया था. घर जाकर देखा, छह है. काट दो." दीडशे मुलं खाली माना घालून खोडत बसायची. मुलांनी त्यांचं नाव 'भूलचूक सर' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर होतं, आणि मला वाटतं, त्यांना ते आवडायचंही.

औषधशास्त्र हा आमचा विषय. एम.डी. करून मी उज्जैनला परत आले आणि त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा ही रीत मला मुळीच पसंत नव्हती. मी इथलीच. बाबा रेल्वेत होते, बदली होऊन आले ते इथलेच झाले, फ्रीगंजमध्ये घर बांधलं. 'मुलगी मेडिकल कॉलेजात शिकवते' हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची, आणि खरं सांगायचं तर माझीही. शिक्षकानं चुका कबूल करायच्या, त्याही रोज, मुलांसमोर? अशानं कोण किंमत देणार? मी घरी आईला म्हणाले होते, "सर चांगले आहेत गं, पण स्वतःचं हसं करून घेतात."

सरांचं घराणं इथलं जुनं मराठी. त्यांची मराठी ऐकून पुण्याचा माणूस दचकला असता. "बेटा, तू काय करून राहिलीस?" असं ते सहज विचारत. अर्धं वाक्य मराठीत, अर्धं हिंदीत, आणि राग आला की शुद्ध माळवी. पण राग फार क्वचित यायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "पहिला महिना तू शिकवायचं नाहीस. शेवटच्या बाकावर बसायचं. तिथून मास्तर कसा दिसतो ते बघ." मी मनातून चडफडले. सुवर्णपदक मिळवून आलेली मी, आणि हे मला बाकावर बसवताहेत! महिनाभर बसले. मागून काय दिसायचं म्हणाल, तर सरांची फिकट निळी पाठ आणि मुलांचे मोबाईल.

महिन्यानंतर आमची जागा बदलली. मी फळ्यापाशी आणि सर शेवटच्या बाकावर, खिडकीच्या कडेला. नव्या मास्तरांचे सगळे तास ते असे मागं बसून ऐकत. एक नियम मात्र पक्का होता. वर्गात ते एक अक्षर बोलत नसत. मुलांसमोर नव्या शिक्षकाला टोकलं, तर त्याचा पाय कायमचा लटपटतो, असं त्यांचं म्हणणं. जे काय सांगायचं ते नंतर, त्यांच्या खोलीत, दार लोटून आणि चहा मागवून.

त्या वर्षी इंटर्न मुलांचा वर्ग माझ्याकडे आला. ही मुलं म्हणजे परीक्षा पास होऊन पहिल्यांदाच रुग्णांना हात लावणारे कोवळे डॉक्टर. वॉर्डात जाण्याआधी त्यांना तातडीच्या औषधांची उजळणी करून द्यायची होती. मी तयारी जय्यत केली होती. मिरगीचे झटके थांबवायचं एक इंजेक्शन असतं, फेनिटॉइन. ते मिठाच्या पाण्याच्या बाटलीतून, म्हणजे नॉर्मल सलाईनमधून हळूहळू द्यायचं असतं. मी ते नीट सांगितलं. तास संपत आला आणि दीपक नावाचा एक हडकुळा मुलगा उठून उभा राहिला. "मैडम, मान लो गाँव में सलाईन की बोतल नहीं है, सिर्फ़ ग्लुकोज़ है. तो ग्लुकोज़ में चलेगा?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे कधीतरी वाचलं होतं, पण त्या क्षणी डोकं कोरं झालं. तीस जोडी डोळे माझ्याकडे लागलेले, मागं सर बसलेले. 'मुझे मालूम नहीं' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. ते काही तोंडातून निघाले नाहीत. मी म्हणाले, "हाँ, चलेगा." इतकंच नाही, तर वर मान हलवून हसलेदेखील. मुलांनी लिहून घेतलं.

सरांनी नियम पाळला. ते काही बोलले नाहीत. तास सुटल्यावर मी त्यांच्या खोलीकडे न वळता तडक घरी गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, मी उचलला नाही. पुन्हा आला. चार वेळा आला. कौतुक करायला कुणी चार वेळा फोन करत नाही, हे मला कळत होतं. आईनं विचारलं, "अगं, घे की!" मी म्हटलं, "कामाचं नसेल." कसली निर्लज्ज होते मी तेव्हा!

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सर आमच्या फाटकाशी स्कूटर घेऊन उभे. आई म्हणाली, "या ना सर, चहा घ्या." तर ते म्हणाले, "नाही वहिनी, आज घाई आहे." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, "बेटा, ग्लुकोजमध्ये ते औषध विरघळून राहत नाही. त्याचे कण होतात. नळीत अडकतं, पेशंटला पोचतच नाही. झटके चालूच राहतात."

मी तिथेच मोबाईल काढला. "सर, मी आत्ता ग्रुपवर टाकते."

"टाक. आत्ताच टाक. आणि मग बस मागं. तोंडानं सांगितलंस ना? मग तोंडानंच परत घ्यायचं."

तो सबंध सकाळचा वेळ मी जन्मात विसरणार नाही. आम्ही वॉर्डावॉर्डांतून फिरलो. सर दारातच थांबायचे. मी आत जाऊन त्या पोरांसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "कल मैंने ग़लत बताया. मुझे मालूम नहीं था, फिर भी हाँ कह दिया." पहिल्या मुलीला सांगताना मी तिच्या वहीकडेच बघत होते. चौथ्या-पाचव्याला सांगेपर्यंत कान तापून लाल झाले होते. एक पठ्ठ्या म्हणाला, "मैडम, टेंशन मत लो, मैंने तो लिखा ही नहीं था." दारातून सर हसले. मला मेलीला हसूही येईना. दोन नर्सा, एक वॉर्डबॉय आणि एका पेशंटची आजी, सगळे ऐकत होते. आजीनं तर विचारलं, "काईं हुयो, बेन?"

अकरापर्यंत सगळे सापडले, दीपक तेवढा राहिला. त्याची नेमणूक भैरवगढच्याही पलीकडे एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात झाली होती. तो सोमवारी जाणार अशी सरांची समजूत, पण तो उत्साही गडी तास झाला त्याच संध्याकाळी हजर झाला होता. फोन लागेना. सरांनी स्कूटरला किक मारली. भैरवगढला ठशांचं छापकाम करणाऱ्या छिपांनी रंगवलेली कापडं ओळीनं वाळत घातलेली होती, लाल आणि काळी. एरवी मी थांबून बघितली असती. त्या दिवशी मी सरांच्या पाठीमागे जीव मुठीत धरून बसले होते आणि महाकालाला सांगत होते, काही झालेलं नसू दे.

झालेलं होतं. पहाटे एका बाईला झटके येत असताना बैलगाडीसारख्या खडखडत्या टेंपोतून आणलं होतं. केंद्रात सलाईनच्या बाटल्या कपाटात मागं होत्या, ग्लुकोजची समोर होती. दीपकनं तीच उचलली. तिथली सिस्टर वीस वर्षांची अनुभवी. ती म्हणाली होती, "डॉक्टर साहब, ये इसमें नहीं जाती." आणि दीपकनं तिला उत्तर दिलं होतं, "कल ही मैडम ने बताया है." झालं. सिस्टर गप्प बसली. बाटली लागली. झटके काही थांबले नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी सिस्टरनं कुणाला न विचारता ती बाटली काढून फेकली, सलाईन शोधलं, औषध नव्यानं लावलं. मग बाई शांत झाली.

आम्ही पोचलो तेव्हा ती झोपली होती. ओठ चावला गेला होता, त्यावर रक्त सुकलेलं. सासू पायाशी बसून तिचे तळवे चोळत होती. ती बाटली खिडकीत उभी करून ठेवलेली होती. उजेडात तिच्या तळाशी बारीक पांढरा चुरा दिसत होता. दीपकचा चेहरा तसाच पांढराफटक. मी त्याला सांगितलं, "ग़लती तुम्हारी नहीं, मेरी है." तो बाटलीकडेच बघत राहिला. सिस्टर मात्र बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त लागलं. "मैडम, आप बड़े लोग हो. आपका कहा हम कैसे काटें?"

परतताना सरांनी भैरवगढला चहाच्या टपरीपाशी स्कूटर थांबवली. मला रडू आवरेना. मी म्हणाले, "सर, मी नोकरी सोडते. मी शिकवायच्या लायकीची नाही." त्यांनी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, "सिस्टर ऐकून गप्प बसली. ठीक आहे, ती घाबरली. मी का गप्प बसलो? मी मागं बसून ऐकलं होतं, बेटा. मला माहीत होतं. माझ्या नियमाची मला पडली होती, त्या बाईची नाही. तू फोन उचलला नाहीस, तर मी रात्रीच तुझ्या दारात यायला हवं होतं. वाटलं, सकाळी होईल." बोलता बोलता त्यांचा चहा बशीत सांडला. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "नोकरी सोडायची तर सोड. पण उद्याचा वर्ग घे. त्यांना सगळं सांग. मग कुठं जायचं तिथं जा."

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला, खडू खाली ठेवला आणि सांगितलं. ग्लुकोजचं सांगितलं, फोन न उचलल्याचं सांगितलं, बाटलीतल्या चुऱ्याचं सांगितलं. माझं बोलणं संपलं आणि मागं, खिडकीच्या कडेला, एक हात वर झाला. सरांचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. विद्यार्थ्यासारखे ते उठून उभे राहिले. "मैडम, एक सवाल है. उस बहन का नाम क्या था?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"मुझे मालूम नहीं, सर," मी म्हणाले. तेच तीन शब्द. या वेळी ते सहज बाहेर पडले.

"तो पूछ आइए," असं म्हणून सर खाली बसले. दुपारी मी बस पकडून पुन्हा त्या केंद्रात गेले. तिचं नाव रामकन्या. ती उठून बसली होती, खिचडी खात होती. मला तिनं विचारलं, तुम्ही नवीन डॉक्टरीण का? मी तिला सगळं सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. सासूला कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अब तो सही सिखाओगी नी?" मी हो म्हटलं. राजीनाम्याचं नाव मी पुन्हा काढलं नाही, आणि सरांनीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून सरांनी आपला जुना नियम मोडला तो मोडलाच. माझं काही चुकलं की मागचा हात वर जायचा. "मैडम, एक शंका." सुरुवातीला माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी घरी येऊन डबा आपटला होता. आठवड्यातून तीनदा हात वर! मग हळूहळू असं झालं, की शिकवताना माझी नजर आपोआप तिकडे जायची, आणि हात खाली आहे असं दिसलं की मी पुढं जायची. सर निवृत्त झाले तरी यायचे. हातात कापडी पिशवी, तोच बाक. नवीन मुलांना वाटायचं, हे आजोबा कोण? मी सांगायची, "ये मेरे सबसे पुराने विद्यार्थी हैं." सर खूश होऊन मान डोलवायचे.

मग एका सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "समजतं सगळं, पण बोलता येत नाही. चिडतात फार." मी शनिवारी जायला लागले. जाऊन काय बोलायचं? मला गप्पा मारता येत नाहीत. म्हणून मी पुढच्या आठवड्याचा तास त्यांना घेऊन दाखवायची. पलंगाशेजारी खुर्ची ओढून, वही उघडून. पहिल्याच शनिवारी मी एका औषधाची मात्रा चुकीची बोलले आणि त्यांचा डावा हात चादरीवरून वर उठला. काकूंच्या डोळ्यांना पदर लागला. मी म्हटलं, "हो सर, सॉरी, अडीचशे." हात खाली गेला. मग ते नेमानं चाललं. कुठं अडखळले, की हात. काकू म्हणायच्या, "तू आलीस की हे माणसात असतात बघ."

ते बरेच महिने चाललं. हात उठायचा, पण दर वेळी थोडा कमी. आधी खांद्यापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग नुसती बोटं. शेवटच्या शनिवारी गेले तेव्हा डोळे उघडे होते, पण ते छताकडे लागलेले. मी वही उघडली. अर्धा तास वाचलं. मग मला राहवेना. मी वही मिटली, त्यांच्या कानाशी वाकले आणि मुद्दाम म्हणाले, "सर, फेनिटॉइन ग्लुकोजमध्ये चालेल."

मी त्या हाताकडे बघत राहिले. बोटं चादरीवर तशीच होती. काकू दारात उभ्या होत्या, त्याही बघत होत्या. किती वेळ गेला, सांगता येत नाही. शेवटी मीच म्हणाले, "चुकलं माझं, सर. सलाईनमध्येच. फक्त सलाईनमध्ये." मग मी त्यांचा हात हातात घेतला आणि तिथे बसून पोटभर रडले. पुढच्या बुधवारी ते गेले.

चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर बरीच माणसं आली होती. कुणी इंदूरहून, कुणी देवासहून, कुणी दोनदोन बसगाड्या बदलून. दीपक आला होता. आता तो मोठा डॉक्टर आहे, त्याच्या हाताखाली दहाजण काम करतात. त्यानं मला नमस्कार केला आणि म्हणाला, "मैडम, मेरे यहाँ सिस्टर टोके तो डॉक्टर रुक जाता है. मैंने नियम बना दिया है." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी माझा तास होता. रजा घ्या, असं सगळे म्हणाले. मी गेले. फळा पुसला, खडू टेबलावर ठेवला. सवयीनं नजर मागं गेली. खिडकीच्या कडेचा बाक रिकामा नव्हता. जागा अपुरी म्हणून तिथे एक मुलगी बसली होती, शाजापूरकडची, वर्षभरात जिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. मी विचारलं, "पिछली बार मैंने क्या ग़लत बताया था?" कुणी काही बोलेना. आज मॅडमना कसं टोकायचं, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सरांचं सगळ्यांना कळलं होतं.

आणि मग मागं, तिथेच, एक हात वर झाला. कोपरापर्यंतच.

"मैडम... एक बात थी. शायद मैं ही ग़लत हूँ."

"खड़ी हो जाओ, बेटा," मी म्हणाले. "हाथ पूरा ऊपर करो. और ज़ोर से बोलो."